पास माल

खडूबाईने जेवणाला नावं ठेवायचं सोडलं, तेव्हा रंगारी घाबरला.

यात घाबरण्यासारखं काय, ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. उतारवयात नवरा रांधतो, बायको खाते आणि वर "छान झालंय" म्हणते, आणखी काय हवं? पण बाहेरच्या माणसाला काय वाटतं याला काही अर्थ नाही. त्याने थोडीच या दोघांबरोबर कापडाच्या कारखान्यात उमेदीची वर्षं काढली होती.

त्या कारखान्यात हा रंगखात्यात होता. वाफाळत्या टाक्या, कोपरापर्यंत रंगलेले हात, आणि डोळा असा की चिमूटभर रंग कमी पडला तरी लांबून ओळखायचा. ती पलीकडे तपासणीला. रंगून वाळून आलेलं कापड तिच्या टेबलावरून सरकायचं. जिथे डाग असेल, रंग पातळ झाला असेल, धागा सुटला असेल, तिथे ती खडूने गोल काढायची आणि तोंडानेही सुनावायची. "इथे रंग खाल्लाय. इथे जास्त चढलाय. ही कड कोणी बघितली होती?" म्हणून सगळा कारखाना तिला खडूबाई म्हणायचा. माल चांगला असला तर मात्र ती चकार शब्द काढायची नाही. घडी घालायची आणि पुढे सरकवायची. तपासणीची रीतच तशी होती. खोट असेल तर बोला, नसेल तर पुढचा तागा घ्या. पास मालाचं कौतुक करत बसलं तर दिवस सरायचा नाही का.

रंगाऱ्याचं लग्न या बाईशी झालं तेव्हा रंगखात्यातल्या लोकांनी त्याची कीव केली. कीव करण्यासारखंच होतं म्हणा. घर झालं, लेक झाली, दोघं निवृत्त झाली, तरी खडूबाईने टेबल काही सोडलं नाही. पडदा वाकडा, चहा पाणचट, केस कापणाऱ्याने डावीकडे जास्त कापले. आणि सगळं ठीक असलं की गप्प. "एवढ्या वर्षांत हिच्या तोंडून एक चांगला शब्द ऐकला असेल तर शपथ," असं रंगारी चारचौघांत म्हणायचा. म्हणताना कॉलर जरा ताठ व्हायची. कारण तिच्या गप्प बसण्याचे दिवसही घरात पुष्कळ होते, आणि त्यांची किंमत त्याला ठाऊक होती.

मग खडूबाईच्या पोटाचं दुखणं निघालं. एक ऑपरेशन झालं, दुसरं व्हायचं होतं, आणि ते झाल्याशिवाय दुखणं मुळातून जाणार नव्हतं. मधल्या काळात औषधांनी तिच्या तोंडाची चव गेली. अंगावरचं मांस उतरलं. डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. "काका, वजन वाढल्याशिवाय मी यांना टेबलावर घेणार नाही. या अंगाला ते सोसायचं नाही. काहीही करा, पण खाऊ घाला."

काहीही करा म्हणणं सोपं असतं. रंगाऱ्याने जन्मात चहापलीकडे काही केलं नव्हतं. तरी तो ओट्याशी उभा राहिला. सूप केलं, अंडी केली, भात मऊ शिजवला, बटाटे करपवले, पुन्हा केले. खडूबाई खिडकीजवळच्या खुर्चीत बसून दोन घास घ्यायची, चमचा ठेवायची आणि म्हणायची, "छान झालंय हो."

करपलेल्या बटाट्यांनाही छान. मीठ विसरलेल्या सुपालाही छान.

"अरे वा," परगावी राहणारी लेक फोनवर म्हणाली, "आई छान म्हणते म्हणजे बाबा, तुम्ही सुधारलात."

"तुझ्या शाळेतल्या चित्रांना ती कधी छान म्हणाली होती का?" रंगाऱ्याने विचारलं.

पलीकडे लेकीने आठवून बघितलं. मग हळू आवाजात म्हणाली, "नाही. चांगलं असलं की नुसतं कपाटावर लावायची."

"मग समज काय ते," रंगारी म्हणाला. "ती बघतच नाहीये गं. माल डोळ्यांसमोरून चाललाय आणि ती बघत नाहीये."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो भाजी आणायला कोपऱ्यावर गेला. भाजीवाली पानांवर पाणी शिंपडत होती. पालक, बिटाचा पाला, मोहरीची पानं, आणि या सगळ्यांच्या मधोमध एक जुडी, जिच्यापुढे रंगाऱ्याचे पाय जागच्या जागी थिजले. पानं गडद हिरवी, तळहाताहून मोठी, आणि देठ लाल. शेजारच्या जुडीचे पिवळे. त्यापलीकडे नारिंगी, आणि एक असा गुलाबी की तो टाकीत उतरवायला रंगाऱ्याने आठवडा घातला असता.

"हे काय आहे?"

"स्विस चार्ड," भाजीवाली म्हणाली. "बिटाच्याच घरातलं. याला खाली गड्डा धरत नाही, सगळा जोर पानात. नेता का? देठ आधी टाकायचे बरं का काका, पानं मागून. आणि धुवायचं मात्र..."

रंगारी ऐकत होता कुठे. तो एकेक देठ उजेडात फिरवून बघत होता. त्याने चारही रंगांच्या जुड्या घेतल्या आणि रंगाच्या टाक्यांवर नव्याने नेमलेल्या मास्तराच्या ऐटीत घरी आला.

आणि मग त्याने ती चूक केली, जी रंगाऱ्याशिवाय कोणी करणार नाही. पाणी उकळलं, त्यात पानं टाकली, तर थोड्याच वेळात तो सुरेख हिरवा मळकट व्हायला लागला आणि देठांची लाली पाण्यात उतरली. रंग सुटतोय हे दिसल्यावर रंगारी गप्प बसेल? त्याने ते सगळं ओतून दिलं आणि उरलेल्या जुड्या घेतल्या. पानं वेगळी, देठ वेगळे. हिरवा धरायला पानांच्या पाण्यात खायचा सोडा, चिमूटभर नाही, चांगला चमचाभर. लाल टिकायला देठांच्या पाण्यात व्हिनेगर. भांड्यात चमचा फिरवताना हात आपोआप जुन्या लयीत आला. ताटली भरली तेव्हा ती खिडकीशी नेऊन त्याने उजेडात धरली. हिरवा असा की डोळ्यात भरावा, आणि त्यावर लाल, पिवळे, गुलाबी तुकडे. इतक्या दिवसांत पहिल्यांदा रंगाऱ्याला स्वतःच्या हातचं काही आवडलं.

खडूबाईने तीन घास घेतले. "छान झालंय," ती म्हणाली. "रंग छान आलाय." मग चमचा ठेवून डोळे मिटले.

ताटली आत नेताना रंगाऱ्याने उरलेल्यातलं थोडं तोंडात टाकलं. रंगखात्यात कोणी माल चाखून बघत नाही, म्हणून तोवर त्याला ते सुचलंच नव्हतं. पानांचा बुळबुळीत लगदा झाला होता आणि चव थेट साबणाची होती. देठ आंबट ढाण. त्याने ते बेसिनमध्ये थुंकलं, चूळ भरली, पुन्हा भरली. आणि मग त्याच्या लक्षात आलं की खडूबाईने याचे तीन घास गिळले. निमूटपणे, त्याचं मन राखायला. जिने त्याच्या तागेच्या तागे परत पाठवले होते, तिने.

तो ओट्याला टेकून उभा राहिला आणि नळ सोडून रडला. नळ सोडला तो आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

"चव बघितली होती का?" भाजीवालीने दुसऱ्या दिवशी विचारलं.

"मी रंग बघितला."

भाजीवाली हसली, पण त्याचा चेहरा बघून लगेच थांबली. हातातली पाण्याची बादली खाली ठेवून तिने सगळं पुन्हा सांगितलं, आणि या वेळी रंगाऱ्याने कान देऊन ऐकलं. पानांच्या सुरकुत्यांत माती असते, ती तीन पाण्यांत धुवायची. तेलात लसूण, त्यावर चिरलेले देठ, ते नरम झाले की मग पानं, झाकण, आणि उतरवल्यावर लिंबू. "आणि यातली मोहरीची थोडी घाला. माझ्या सासूचं तोंड असंच गेलं होतं. तिला सगळ्यात आधी कडू कळलं. गोड फार मागून आलं." मग जुड्या पिशवीत भरता भरता म्हणाली, "आणि काका, शिजल्यावर हिरवा उतरतो. उतरू दे त्याला. तो जायचाच."

हे ऐकायला सोपं, करायला रंगाऱ्याला जड. रोज झाकण काढलं की समोर तो मळका, शेवाळी पाचोळा दिसायचा आणि हात आपसूक सोड्याच्या डब्याकडे जायचा. शेवटी त्याने डबा कपाटाच्या वर, शिडी लावल्याशिवाय मिळणार नाही असा ठेवून दिला. आता तो दर वेळी चाखायचा. चाखायला लागल्यावर त्याला कळलं की पालक जिभेवर कसा पसरतो, बिटाच्या पाल्याला मातीचा वास कसा असतो, मोहरी नाकात कशी जाते. या वयात माणसाला नवं काही कळतं ते हे असं, उभ्याने, ओट्याशी, गरम चमच्याने जीभ भाजून घेत.

पण खडूबाई खुर्चीत तशीच. दोन घास, "छान", डोळे बंद. दवाखान्यातल्या काट्यावर सुई जिथल्या तिथे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पुढच्या वेळीही असंच राहिलं तर नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल, काका. मला ते नको आहे, पण मग माझ्या हातात दुसरं काही नाही." घरी येताना रिक्षात खडूबाई म्हणाली, "तुम्ही उगाच एवढा त्रास घेता." हे तिने इतक्या गोड आवाजात म्हटलं की रंगाऱ्याला भीतीने घाम फुटला.

त्यानंतरच्या एका दुपारी तो भाजी धूत असतानाच लेकीचा फोन आला. काट्याचं काय झालं, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, नळी म्हणजे कसली नळी. फोन कानाशी आणि खांद्यात धरून त्याने पानं एका पाण्यातून काढली आणि तशीच चिरली. दुसरं पाणी, तिसरं पाणी राहूनच गेलं. लेक रडत होती, तिची समजूत काढता काढता त्याने देठ आणि पानं एकदमच कढईत टाकली.

खडूबाईने पहिला घास घेतला आणि ती थांबली.

तिचा जबडा एकदा हलला, मग जरा दमाने पुन्हा हलला. तिने बोट तोंडात घालून काहीतरी काढलं, खिडकीच्या उजेडात धरलं आणि डोळे बारीक केले. कितीतरी दिवसांनी ते डोळे असे बारीक झाले होते.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

"काय आहे?"

"मी तुम्हाला विचारतेय. वाळू आहे ही. भाजी धुतली होती की नाही?"

रंगारी दारातच खिळला. त्याला वाटलं, आता आपण काही बोललो तर हे निघून जाईल.

खडूबाईने चमचा खाली ठेवला नाही. एका डागावरून तागा नाकारायचा नसतो, हीसुद्धा तपासणीचीच रीत. पहिला डाग सापडला की पूर्ण तागा उलगडायचा, शेवटच्या हातापर्यंत बघायचा आणि मग बोलायचं. तिने दुसरा घास घेतला. "देठ कच्चे आहेत." तिसरा. "पानं मात्र गळून गेलीत. दोन्ही एकदम टाकलंत वाटतं." चौथा घास तिने बराच वेळ घोळवला. "यात कडवट काय आहे?"

"मोहरीची पानं," रंगारी कसंबसं म्हणाला.

"ती एका कडेला गोळा झालीत. नीट मिसळली नाहीत." तिने बोटाने ताटलीच्या कडेवर, त्या जागेभोवती, एक गोल काढला. आणि मग ती खात राहिली, शेवटच्या घासापर्यंत, कारण तागा अजून संपला नव्हता. "हसताय कशाला?" तिने विचारलं. "यात हसण्यासारखं काय आहे? एवढं मोठं माणूस, एक भाजी धुता येत नाही."

"नाही येत," रंगारी म्हणाला आणि ताटली घेऊन पटकन आत गेला. या वेळी त्याने नळ सोडला नाही.

आता माणूस शहाणा असता तर इथून पुढे सरळ चालला असता. पण रंगाऱ्याच्या डोक्यात हुशारी शिरली. डाग दिसला की ही ताटली संपवते, तर मग रोज एक डाग पाडायला काय हरकत आहे? दुसऱ्या दिवशी त्याने भाजी नीट धुतली, नीट शिजवली आणि वरून देठाचे चार कच्चे तुकडे टाकले.

खडूबाईने एक घास घेतला, एक तुकडा चमच्यावर उचलला, उलटा केला आणि त्याच्याकडे बघितलं. ती नजर रंगखात्यातल्या भल्याभल्यांनी झेलली होती.

"हे मुद्दाम केलंय."

"छे, छे. हात चुकला जरा."

"हात चुकला की डाग वेगळा पडतो आणि पाडला की वेगळा. मला शिकवू नका." तिने चमचा ठेवला. "मी काय लहान मूल आहे? खोटा माल माझ्यापुढे आणायचा नाही. चांगला करून आणा, नाहीतर आणू नका."

रंगाऱ्याचं धाबं दणाणलं. जरा मिळालेलं आपल्याच हाताने घालवलं, असं वाटून तो ओट्याशी येऊन उभा राहिला. पिशवीत आणखी एक जुडी होती. ती त्याने बाहेर काढली आणि सोडवायला घेतली. तेवढ्यात मागे स्टूल सरकल्याचा आवाज झाला. खडूबाई भिंतीला धरत धरत स्वयंपाकघरात आली होती. ती स्टुलावर टेकली, दम खाल्ला आणि हात पुढे केला.

"पानं इकडे द्या."

त्याने दिली. तिने एकेक पान उचलून दिव्याकडे धरलं, पुढून बघितलं, मागून बघितलं. भोकं पडलेलं एका बाजूला, पिवळं पडलेलं दुसऱ्या बाजूला, चांगलं समोर. देठाची कड नखाने दाबून बघितली. एकही पान तपासल्याशिवाय सुटलं नाही. "हे जून आहे, याला आधी टाका," ती म्हणाली. "आणि पाणी बदला. खाली माती बसलीय ती दिसत नाही का?"

"दिसते," रंगारी म्हणाला. त्याने पाणी बदललं.

त्या दिवसापासून त्या घरात रोज दुपारी तपासणीचं टेबल भरायला लागलं. रंगारी जुड्या आणायचा, खडूबाई स्टुलावर बसून पानं पास-नापास करायची, तो शिजवायचा आणि ती त्यात खोट काढायची. आज लसूण करपला. आज लिंबू उतरवायच्या आधीच पिळलंत, चव गेली. आज पाणी राहिलं. खोट काढायची तर खावं लागतं, आणि पूर्ण खाल्ल्याशिवाय निकाल द्यायचा नाही हे तिच्या हाडात मुरलेलं. भाजीबरोबर भात जायला लागला, मग अंडं. रंगारी एकही खोट मुद्दाम ठेवत नव्हता. तो जिवापाड नीट करत होता. तरी तिला काही ना काही सापडायचंच, आणि ती म्हणेल ते दुसऱ्या दिवशी सुधारलेलं असायचं. भाजीवालीला तर जुड्या बांधताना धाक बसला होता. "तुमच्याकडे जाणारी पानं मी आधीच निवडून ठेवते हो," ती म्हणायची, "नाहीतर तुम्ही दुसऱ्या दिवशी निरोप घेऊन येता."

दवाखान्यातली सुई हलली. फार नाही, पण हलली. डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर करून ती पुन्हा बघितली, नळीचं नाव काढलं नाही, आणि म्हणाल्या, "असंच चालू द्या. पुढच्या वेळी आपण तारीख ठरवू."

त्या दिवशी घरी आल्यावर रंगाऱ्याने चार्ड केलं. लाल देठांचं, थोडी मोहरी घालून. बायकोने निवडलेली पानं, तीन पाणी, देठ आधी, पानं मागून, लिंबू उतरवल्यावर. ताटलीत वाढलं तेव्हा ते जुन्या ताडपत्रीच्या रंगाचं दिसत होतं. असा लॉट रंगखात्यातून बाहेर पडला असता तर त्याने स्वतःच परत पाठवला असता. त्याने ते चाखलं. मग ताटली तिच्यासमोर ठेवली आणि दारात उभा राहिला, पूर्वी तागा टेबलावर टाकून उभा राहायचा तसा, हात मागे बांधून.

खडूबाईने पहिला घास घेतला. घोळवला. दुसरा घेतला. एक देठ चमच्याच्या कडेने कापून बघितला आणि खाल्ला. पानं वरखाली केली, मोहरी सगळीकडे आहे का ते बघितलं. खिडकीबाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं, तिकडे तिचं लक्ष गेलं नाही. रंगारी वाट बघत राहिला. आता म्हणेल, मीठ. आता म्हणेल, तेल. ताटली संपत आली. तिने कडेला राहिलेलं पाणी चमच्याने गोळा करून घेतलं, चमचा ताटलीत आडवा ठेवला, मांडीवरच्या रुमालाची चौकोनी घडी घातली आणि ताटली त्याच्याकडे सरकवली. मग खिडकीबाहेर बघायला लागली.

रंगाऱ्याने ताटली उचलली. ओट्याशी आला तर फोन वाजत होता.

"बाबा, काटा हलला म्हणे," लेक म्हणाली. "आज काय केलं होतं? आई काय म्हणाली?"

रंगाऱ्याने हातातल्या रिकाम्या ताटलीकडे बघितलं. फोन खांद्याने कानाशी दाबला. मग ताटली दोन्ही हातांनी छातीशी धरली.

"काही नाही गं," तो म्हणाला. "काहीसुद्धा म्हणाली नाही."

पलीकडे लेक हसता हसता रडायला लागली.